प्राप्तिकर आणि आपले कुटुंब : एक ऐतिहासिक आढावा

प्राप्तिकर हा विषय रुक्ष आहे, असा सार्वत्रिक समज आहे. वार्षिक स्मरणिकेत पूर्वजांची चरित्रे, कुलदैवतांची माहिती आणि गुणवंत विद्यार्थ्यांची नामावली वाचावयास सरावलेल्या ज्ञातिबंधुभगिनींस या विषयावरील लेख पाहून थोडे आश्चर्य वाटेल. परंतु आपल्या ज्ञातीतील बहुतेक कुटुंबे आज नोकरी, वकिली, वैद्यकी अथवा लहानमोठा व्यापार करून उपजीविका करीत आहेत. ज्या घरी वेतन अथवा निवृत्तिवेतन येते, बँकेत ठेव आहे आणि गावी वडिलोपार्जित वाडा वा शेत आहे, त्या घरास हा विषय टाळून चालण्यासारखे नाही. म्हणून त्याचा इतिहास क्रमवार सांगून त्यातून आपल्या कुटुंबांनी काय बोध घ्यावा, हे मांडण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

या साऱ्या इतिहासात सरकारने गृहस्थास एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारलेला दिसतो : ‘हे उत्पन्न कोणाचे?’ आपल्या घरांत मात्र पिढ्यान्‌पिढ्या ‘जे आहे ते सर्वांचे’ ही रीत चालत आली. रीत चांगली आहे. तिच्यातूनच अनेक घरे तगली, अनेक मुले शिकली. पण कायद्याचा प्रश्न आणि घरची रीत यांचा मेळ न बसल्यामुळे कुटुंबांस जो त्रास सोसावा लागतो, त्याचे मूळ या इतिहासातच सापडते.

पट्टीपासून प्राप्तिकरापर्यंत

कर ही गोष्ट आपल्या लोकांस इंग्रजांनी शिकविली, असे मुळीच नाही. मराठेशाहीत जमिनीच्या साऱ्याखेरीज घरपट्टी होती, म्हैसपट्टी होती आणि दुकानदार व कारागीर यांजवर मोहतर्फा होता. विवाहप्रसंगी लग्नटका आणि पुनर्विवाहप्रसंगी पाटदाम घेतला जाई. मात्र हे सारे कर डोळ्यांस दिसणाऱ्या वस्तूंवर अथवा प्रसंगांवर असत. घर दिसते, म्हैस दिसते, लग्नाची वरात दिसते. माणसाच्या वर्षभराच्या कमाईची बेरीज करून तीवर कर बसविणे ही कल्पना निराळी होती. कारण ती बेरीज प्रथम त्या माणसानेच सांगावी लागते.

ही कल्पना येथे आणली जेम्स विल्सन या स्कॉटिश गृहस्थाने. तरुणपणी टोप्यांचा व्यापार करणाऱ्या विल्सनने १८४३ साली ‘इकॉनॉमिस्ट’ हे पत्र काढले. १८५७ च्या उठावामुळे हिंदुस्थान सरकार कर्जात बुडाले असता १८५९ च्या अखेरीस तो वित्त सदस्य म्हणून कलकत्त्यास आला. पुढल्याच वर्षी त्याने प्राप्तिकराची योजना मांडली व हा कर परंपरेस सोडून नाही, हे दाखविण्यासाठी चक्क मनूचा आधार दिला. २४ जुलै १८६० रोजी कायदा झाला. म्हणूनच २४ जुलै हा दिवस आज प्राप्तिकर दिन म्हणून पाळला जातो. वार्षिक २०० रुपयांच्या आतील उत्पन्नास माफी, २०० ते ५०० पर्यंत शेकडा २, आणि त्यावर शेकडा ४ असे दर होते. मद्रासचे गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी या कराला उघड विरोध केला आणि त्यापायी त्यांना पद सोडून परतावे लागले. विल्सन स्वतः ११ ऑगस्ट १८६० रोजी, कायदा होऊन तीन आठवडेही झाले नाहीत तोच, कलकत्त्यास आजारी पडून मरण पावला. पाच वर्षांसाठी केलेला हा कर १८६५ मध्ये संपला. पुढे परवानापट्टी, दाखलापट्टी, पुन्हा प्राप्तिकर, पुन्हा माफी असा खेळ वीस वर्षे चालला.

१८८६ : एकत्र कुटुंबास ‘व्यक्ती’चा मान

खरी पायाभरणी १८८६ च्या कायद्याने झाली. शेतीचे उत्पन्न या कराच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आले, आणि ते आजतागायत केंद्राच्या प्राप्तिकरातून वगळलेले आहे. आयुर्विम्याचा हप्ता उत्पन्नाच्या एक षष्ठांशापर्यंत वजा करण्याची मुभा मिळाली. कर वाचविण्यासाठी विमा उतरविण्याची जी चाल आपण आधुनिक समजतो, तिचे वय इतके मोठे आहे.

तेव्हाचा हिशोब विद्यार्थ्यांनी करून पाहण्याजोगा आहे. वार्षिक ५०० रुपयांपर्यंत माफी होती. त्यावर २,००० च्या आत पगार असणाऱ्यास रुपयास ४ पै आणि २,००० पासून पुढे रुपयास ५ पै असा दर होता. एका रुपयाच्या १९२ पै. दरमहा ६० रुपये मिळविणाऱ्या कारकुनाचे वर्षाचे ७२० रुपये. त्याचा कर २,८८० पै, म्हणजे बरोबर १५ रुपये. दरमहा २०० रुपयांच्या अंमलदारास ६२ रुपये ८ आणे पडत. कारकुनाच्या घरातून वर्षाला आठवड्याचा पगार जाई, असे समजावे.

परंतु कुटुंबाच्या दृष्टीने या कायद्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याने हिंदू अविभक्त कुटुंबास कर देणारी एक स्वतंत्र ‘व्यक्ती’ मानले. वडिलोपार्जित मिळकतीचे उत्पन्न कुटुंबाचे. कर्त्याने ते दाखवावे व कुटुंबाच्या नावे कर भरावा. पुढे कुटुंबाच्या उत्पन्नातून सदस्यास मिळालेल्या वाट्यावर त्या सदस्याने पुन्हा कर देऊ नये, असेही तत्त्व ठरले. ‘जे आहे ते सर्वांचे’ ही आपली रीत सरकारी दप्तरात अशा प्रकारे नोंदली गेली. मात्र नोकरीचा पगार हा स्वतःच्या श्रमाचा, म्हणून तो ज्याचा त्याचा. घरातील तीन भाऊ निरनिराळ्या कचेऱ्यांत काम करून पगार आईच्या हाती देत असले, तरी कायद्याच्या लेखी ती तीन उत्पन्ने तीन व्यक्तींचीच होती. ही बारीक रेषा अनेकांच्या आजही ध्यानात येत नाही.

युद्धे, दर आणि पत्नीच्या नावाची भागीदारी

पहिल्या महायुद्धाने सरकारचा खर्च वाढविला. १९१६ मध्ये उत्पन्नाप्रमाणे चढते दर आले आणि १९१७ मध्ये मोठ्या उत्पन्नावर निराळा अतिकर बसला. १९२२ साली नवा कायदा झाला. त्याने करआकारणीची रीत कायद्यात ठेवली आणि दर मात्र दर वर्षीच्या वित्त कायद्याने ठरवावेत, असे केले. दर वर्षी अर्थसंकल्पाच्या दिवशी सारा मध्यमवर्ग कान टवकारून बसतो, त्याचा उगम येथे आहे. अतिकरासाठी एका व्यक्तीस ५०,००० रुपयांपर्यंत माफी असता अविभक्त कुटुंबास ती ७५,००० पर्यंत असे. एका कुटुंबात अनेक तोंडे असतात, याची ही कबुली होती.

१९३९ पर्यंत दर पायरीपायरीने चढत, आणि वरची पायरी गाठली की साऱ्या उत्पन्नावर तोच वरचा दर लागे. १९३९ च्या दुरुस्तीने टप्पापद्धती आणली. म्हणजे वरचा दर केवळ वरच्या टप्प्यातील रुपयांनाच लागू लागला. ‘पगारवाढ घेतली तर सगळ्या पगारावर कर वाढेल’ ही भीती त्या वेळेपासून सामान्यतः निराधार ठरली आहे. तरी ती अजून ऐकू येते.

दर चढू लागले तशी उत्पन्ने विभागण्याची कल्पनाही लोकांस सुचू लागली. दुकान नवऱ्याचे, भांडवल नवऱ्याचे, कष्ट नवऱ्याचे; पण कागदावर पत्नी भागीदार आणि अज्ञान मुले लाभाची वाटेकरी! या युक्तीस आळा घालण्यासाठी १९३७ साली कायद्यात दुरुस्ती झाली. पत्नीस अथवा अज्ञान मुलास योग्य मोबदल्यावाचून दिलेल्या मिळकतीचे उत्पन्न, तसेच अशा भागीदारीतील त्यांचा वाटा, पुरुषाच्याच उत्पन्नात मोजावा असे ठरले. या तरतुदीविरुद्धचा एक वाद विदर्भातील अकोल्याच्या प्राप्तिकर अधिकाऱ्याकडून निघून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. करचुकवेगिरी थांबविण्यासाठी केलेली ही तरतूद राज्यघटनेस धरूनच आहे, असा निर्णय न्यायालयाने १९६१ साली दिला. त्याच वर्षीच्या नव्या प्राप्तिकर कायद्याच्या ६४ व्या कलमात ती कायम झाली. पुढे तिची व्याप्ती वाढली : सुनेस दिलेल्या मिळकतीचे उत्पन्न दिले त्याच्याकडेच मोजले जाऊ लागले आणि १९९२ च्या वित्त कायद्याने अज्ञान मुलाचे बहुतेक सर्व उत्पन्न आईबापांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक त्यात मिळविण्यात आले. मुलाने स्वतःच्या अंगच्या गुणांनी वा श्रमांनी मिळविलेले उत्पन्न मात्र यातून वगळले गेले.

स्वातंत्र्यानंतर

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा आजच्या महाराष्ट्राचे सारे भाग एका कायद्याखाली नव्हते. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. तेथे भारताचा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल १९५० पासून लागू झाला. गोवा १९६१ साली मुक्त झाला व तेथे हा कायदा १९६३ पासून आला.

१९५० ते १९५६ या काळात अर्थखाते सांभाळणारे चिंतामणराव देशमुख हे महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, म्हणजे आपल्या कोकणचेच. १९५५ च्या अर्थसंकल्पात त्यांनी एक लक्षात राहण्याजोगी गोष्ट केली. सर्वांसाठी करमुक्त असलेला १,५०० रुपयांचा टप्पा त्यांनी विवाहितांसाठी २,००० केला आणि अविवाहितांसाठी १,००० वर आणला. दोन वर्षांनी मुलांसाठीही थोडी सूट आली. म्हणजे संसाराचा भार उचलणाऱ्यास कराचा भार हलका असावा, हे तत्त्व प्राप्तिकरात शिरले. ते फार काळ टिकले नाही. स्त्रियांसाठी करमुक्तीची मर्यादा काही वर्षे थोडी वर होती. तीही २०१२-१३ या आर्थिक वर्षापासून पुरुषांइतकीच झाली.

त्या दशकात प्राप्तिकराभोवती इतर करांचे कुंपणही उभे राहिले. १९५३ मध्ये मृत्युकर, १९५७ मध्ये संपत्तिकर व खर्चकर, १९५८ मध्ये बक्षीसकर. यांपैकी आज एकही उरलेला नाही : खर्चकर १९६६ मध्ये, मृत्युकर १९८५ मध्ये, बक्षीसकर १९९८ मध्ये आणि संपत्तिकर २०१५ च्या वित्त कायद्याने गेला. १९७३-७४ मध्ये तर अधिभार धरून प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर शेकडा ९७.७५ इतका चढला होता. दोन लाखांच्या वरच्या प्रत्येक शंभर रुपयांतील सव्वादोन रुपयेच मिळविणाऱ्याच्या हाती राहत! इतक्या दराने करचुकवेगिरीस उत्तेजनच मिळते, असे वांच्छू समितीने त्यापूर्वीच बजावले होते. १९८५ मध्ये वरचा दर ५० आणि १९९७ मध्ये ३० वर आला.

अविभक्त कुटुंबाची ओसरती सावली

ज्या अविभक्त कुटुंबास १८८६ मध्ये मान मिळाला, त्याचीच पुढे कर वाचविण्यासाठी ओढाताण होऊ लागली. स्वतःची कमाई कुटुंबाच्या पेटीत टाकावयाची आणि तीवर निराळी करमाफी घ्यावयाची, असा प्रकार वाढला. म्हणून ३१ डिसेंबर १९६९ नंतर अशा प्रकारे कुटुंबात टाकलेल्या स्वकष्टार्जित मिळकतीचे उत्पन्न देणाऱ्याचेच धरले जाऊ लागले. ३१ डिसेंबर १९७८ नंतर केलेली अर्धवट वाटणी प्राप्तिकरापुरती मान्य होईनाशी झाली. वाटणी करावयाची तर पुरी करावी. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात स्पष्ट केले की, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या आठव्या कलमाप्रमाणे बापाची मिळकत मुलास वारशाने आली तर ती त्याची वैयक्तिक होय, त्याच्या कुटुंबाची नव्हे. वडिलांच्या पश्चात मिळालेले घर वा ठेव ‘कुटुंबाची’ म्हणून दाखविण्यापूर्वी हे ध्यानात घेणे अवश्य आहे.

दुसऱ्या बाजूने कुटुंबाचे दार रुंदही झाले. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून, त्या वेळी अविवाहित असलेल्या कन्यांस, मुलाप्रमाणेच जन्मसिद्ध सहदायाद केले. २००५ च्या दुरुस्तीने हा हक्क देशभर सर्व कन्यांस मिळाला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ पक्का केला. लग्न होऊन गेलेली मुलगी आता वडिलोपार्जित मिळकतीत वाटा मागू शकते; तिला वगळून केलेले वाटणीपत्र प्राप्तिकरासही आणि न्यायासही सोडून होय.

याच संदर्भात गोव्याची व्यवस्था कौतुकास्पद आहे. तेथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या दिवाणी कायद्याप्रमाणे पतिपत्नींची मिळकत सामाईक असते. त्यामुळे या सामाईक मालकीखाली असलेल्या दांपत्याचे पगाराव्यतिरिक्त उत्पन्न दोघांत निम्मेनिम्मे धरून कर आकारण्याची तरतूद १९९४ साली, १ एप्रिल १९६३ पासूनच्या प्रभावाने, प्राप्तिकर कायद्यात घालण्यात आली. सावंतवाडीचे कुटुंब आणि पेडण्याचे कुटुंब यांत अंतर थोडे. परंतु ‘हे उत्पन्न कोणाचे?’ या प्रश्नाची उत्तरे दोन्हीकडे निराळी आहेत.

आजचा हिशोब

आता आजच्या स्थितीकडे वळू. १९६१ च्या कायद्याच्या जागी प्राप्तिकर कायदा, २०२५ हा नवा कायदा मंजूर झाला व त्याच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. त्याची भाषा सुटसुटीत केली आहे आणि ‘मागील वर्ष’ व ‘आकारणी वर्ष’ या गोंधळात टाकणाऱ्या जोडीऐवजी ‘कर वर्ष’ हा एकच शब्द आणला आहे. २०२० पासून करदात्यापुढे दोन पद्धती आहेत. जुन्या पद्धतीत विमा, भविष्य निर्वाह निधी, घराच्या कर्जाचे व्याज इत्यादींच्या वजावटी मिळतात. नव्या पद्धतीत वजावटी थोड्या, पण दर हलके. २०२३-२४ पासून निवड न केल्यास नवी पद्धतच लागू होते.

२०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या पद्धतीत ४ लाखांपर्यंत कर नाही. पुढे प्रत्येक ४ लाखांस अनुक्रमे शेकडा ५, १०, १५, २० व २५, आणि २४ लाखांवर ३० असे दर आहेत. शिवाय देशात राहणाऱ्या व्यक्तीचे करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असल्यास, शेअर्ससारख्या निराळ्या दराच्या नफ्याचा अपवाद वगळता, सारा कर माफ होतो.

एक उदाहरण घेऊ. एका घरी एकटा पती कमावतो व त्याचे करपात्र उत्पन्न १६ लाख आहे. दुसऱ्या टप्प्याचे २०,०००, तिसऱ्याचे ४०,००० व चौथ्याचे ६०,००० मिळून कर १,२०,००० रुपये, त्यावर शेकडा ४ उपकर ४,८००, एकूण १,२४,८००. शेजारच्या घरी पतिपत्नी दोघे नोकरी करतात व प्रत्येकाचे उत्पन्न ८ लाख आहे. घरात येणारी रक्कम तीच १६ लाख. कर मात्र शून्य. दोन्ही घरी मुले तितकीच, म्हातारे आईबाप तितकेच, किराणाही तितकाच. पण कायदा चूल पाहत नाही, कमावणारा पाहतो. चिंतामणरावांनी १९५५ मध्ये संसाराकडे जी नजर टाकली होती, तशी नजर आजच्या टप्प्यांत नाही.

हा फरक पाहून पहिल्या घरातील गृहस्थास काय वाटेल, हे सांगावयास नको. आपल्या ठेवी पत्नीच्या नावे कराव्यात, असा विचार त्याच्या मनात येणारच. तेथे १९३७ ची तरतूद आडवी येते. पतीने १० लाख रुपये पत्नीच्या नावे ठेवले व त्यावर ७०,००० रुपये व्याज आले, तर ते व्याज पतीच्याच उत्पन्नात मिळवावे लागते. मात्र ते व्याज साठवून पत्नीने पुढे जी गुंतवणूक केली, तिचे उत्पन्न पत्नीचेच.

कुटुंबाने काय करावे

या इतिहासाचा माझ्या मते बोध असा की, कर वाचविण्यासाठी नुसते नाव लावणे व्यर्थ आहे. पण खरोखरीची मालकी देणे हे कायद्यासही मान्य आहे आणि घरासही हितकर आहे. सज्ञान मुलास वा मुलीस मनापासून दिलेले बक्षीस, अथवा वृद्ध आईवडिलांस त्यांच्या निर्वाहासाठी दिलेली रक्कम ही त्यांचीच होते व तिचे उत्पन्नही त्यांचेच. फक्त ती रक्कम खरोखरच त्यांच्या हुकमतीत असली पाहिजे आणि देण्याघेण्याचा कागद असला पाहिजे. आई आपल्या ठेवीचे काय करते, हे मुलाने ठरवावयाचे असेल, तर ती देणगी नव्हे, सोंग होय.

सर्वांत अधिक अन्याय आपल्या भगिनींवर होतो, हे स्पष्ट लिहिणे कर्तव्य समजतो. कित्येक घरांत शिकवणी, शिवणकाम, डबे करणे अथवा मसाले-पापड विकणे यांतून आलेले गृहिणीचे पैसे ‘घरातच गेले’ म्हणून कोठे नोंदले जात नाहीत. आणि नवऱ्याच्या ठेवीवर मात्र तिचे नाव असते, ज्या कागदावर तिने न वाचता सही केलेली असते. पतीचे निधन होते. पॅन क्रमांक बँकेस दिलेला नसल्याने व्याजातून शेकडा २० कर कापला जातो. मृत्यूच्या दिवसापर्यंतचे पतीचे विवरणपत्र वारसाने भरावयाचे असते, हे कोणी तिला सांगितलेले नसते. आणि पुढे विचारणा झाली की ‘हे पैसे कोणाचे?’ या साध्या प्रश्नाचे उत्तर त्या माउलीजवळ नसते. आयुष्यभर श्रम करणाऱ्या स्त्रीवर ही वेळ यावी, यास करकायद्यापेक्षा आपली घरची रीतच अधिक जबाबदार आहे. तिची कमाई तिच्या खात्यात जमा व्हावी, तिचे विवरणपत्र तिच्या नावे भरले जावे आणि ते भरताना ती शेजारी बसलेली असावी.

म्हणून प्रत्येक घरी पुढील गोष्टी व्हाव्यात, अशी विनंती आहे. प्रत्येक सज्ञान सदस्याचे स्वतःचे बँक खाते व पॅन असावा. आपल्या वाडवडिलांची कीर्द-खतावणीची सवय न सोडता, कोणाच्या नावे काय आहे व ते कोठून आले, याची एक वही घरात असावी. खरेदीखते, वाटणीपत्रे, बक्षीसपत्रे कायमची जपावीत. गावचा वाडा विकण्याची वेळ आली की नफा काढण्यासाठी पूर्वजांची खरेदी किंमत, अथवा १ एप्रिल २००१ पूर्वीची मिळकत असल्यास त्या दिवसाची रास्त किंमत, दाखवावी लागते. तेव्हा जुना कागद सोन्याहून मोलाचा ठरतो. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा कर नसला तरी १९७३ पासून असे उत्पन्न (आज ५,००० रुपयांवरील) इतर उत्पन्नाचा दर ठरविताना धरले जाते. म्हणून तेही नोंदवावे. अविभक्त कुटुंब म्हणून निराळे विवरणपत्र भरणाऱ्यांनी हे विसरू नये की, १२ लाखांपर्यंतची वर सांगितलेली माफी व्यक्तीस आहे, कुटुंबास नाही. दोन्ही पद्धतींचा हिशोब दर वर्षी कागदावर मांडून मगच निवड करावी. केवळ कर वाचविण्यासाठी नको असलेला विमा उतरवू नये.

शेवटी ज्ञातिकार्याशी निगडित एक गोष्ट. मंडळाच्या विद्यार्थी निधीस देणगी दिली की प्राप्तिकरात वजावट मिळतेच, असा अनेकांचा समज असतो. १९६१ च्या कायद्याचे धोरण असे राहिले की, एखाद्या विशिष्ट धर्मसमुदायाच्या वा ज्ञातीच्या हितासाठी असलेल्या संस्थेस दिलेल्या देणगीवर अशी वजावट मिळत नाही. आणि १ एप्रिल १९६२ नंतर स्थापन झालेल्या अशा धर्मादाय न्यासांस स्वतःच्या उत्पन्नावरील करमाफीही नाकारलेली होती. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया व मुले यांच्यासाठी असलेल्या संस्थांस या निर्बंधातून वगळले होते. शिवाय नव्या पद्धतीत देणगीची ही वजावटच नाही. तेव्हा संस्थेकडे वजावटीचे प्रमाणपत्र आहे की नाही, हे पाहूनच ती मागावी. पण ज्ञातीच्या मुलास शिकविण्यासाठी दिलेल्या पैशावर वजावट मिळाली नाही, म्हणून ते पैसे वाया गेले, असे म्हणणारा मनुष्य आपल्यात नसावा. आपल्या वाडवडिलांनी वसतिगृहे बांधली, शिष्यवृत्त्या ठेवल्या, त्या करवजावटीसाठी नव्हेत.

कर भरणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे. कायद्याने दिलेल्या मार्गाने तो हलका करणे हा त्याचा हक्क आहे. आणि खोटी नावे लावून तो चुकविणे ही फसवणूक आहे, जिची झळ शेवटी घरातील सर्वांत अजाण माणसास बसते. ‘हे उत्पन्न कोणाचे?’ या प्रश्नाचे खरे उत्तर प्रत्येक कुटुंबाने आधी आपसांत द्यावे, ते वहीत लिहावे, आणि मग निर्भयपणे सरकारास सांगावे. असे केल्याने ‘जे आहे ते सर्वांचे’ ही आपली जुनी रीत मोडेल, असे मला वाटत नाही. उलट, प्रत्येकाचा वाटा स्पष्ट झाला की एकमेकांसाठी तो खर्चण्यातील आनंद वाढतोच, असा अनुभव आहे. ज्ञातिबंधुभगिनींनी या विचारांचा स्वीकार करावा, अशी नम्र प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.